कालव्याच्या खात्यावर जमा

पाणीवापर संस्थांच्या प्रतिनिधींपुढे वर्षभराचा आढावा अध्यक्षाने घ्यावा अशी प्रथा आहे. तो छापील अहवालात आहे, सवडीने वाचा. मला बोलायचे आहे ते ज्याला आपल्या अहवालांत रकानाच नसतो अशा एका गोष्टीबद्दल. धरणातले पाणी शहरासाठी आरक्षित होते, तेव्हा त्याचा आकडा दलघमीत (दशलक्ष घनमीटरांत) काटेकोर लिहिला जातो. त्यातले शेताकडे किती परत आले, हे मात्र कोणी विचारत नाही. घराघरांत गेलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे नियोजनात आपणच धरतो. मग ते कोणाचे?

नागपूरचेच बघा. मध्य प्रदेशात पेंच नदीवर चौराई धरण झाल्यापासून खालच्या तोतलाडोह धरणात येणारे पाणी घटले आणि शहराची तहान व पेंच कालव्यावरचा रब्बी हंगाम यांची ओढाताण वाढली. त्याच नागपूरने भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी रोज १३० दशलक्ष लिटर कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याची योजना उभारली. स्तुत्यच. पण हिशोब पुढे न्या. १३० दशलक्ष लिटर रोज म्हणजे वर्षाला ४७ दलघमी. गव्हाला अर्धा मीटर पाणी धरले आणि तेवढेच वाटेत मुरले असे मानले, तरी साडेचार हजार हेक्टरांचे पाणी. वीजकेंद्राने तेवढे धरणाचे पाणी घेणे सोडले, तर ते कालव्याच्या खात्यावर जमा झाले पाहिजे. तशी नोंद बंधनकारक नसेल, तर वाढते शहर ते गुपचूप पिऊन टाकेल आणि शेवटच्या चारीवरचा शेतकरी पाळीची वाट बघत बसेल. पुण्यात निदान करार तरी झाला: खडकवासल्यातून उचललेल्या पाण्याच्या बदल्यात मुंढव्याहून शुद्ध केलेले साडेसहा टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी शेतीला द्यायचे. त्या पाण्याची प्रत आणि प्रमाण यांवर वाद आहेत. पण निदान देणे कागदावर आहे, म्हणून भांडता तरी येते.

यावर पहिला आक्षेप, पिण्याला पहिला हक्क. तो कोण नाकारतो? पण आरक्षणातला प्रत्येक थेंब घशात जात नाही. गळक्या नळवाहिन्या आणि हिरवळी त्याच नावावर पितात. २००३ च्या राज्य जलनीतीत शेतीच्या आधी उद्योग होता. २०११ मध्ये शेतीला दुसरे स्थान मिळाले. क्रम बदलला, मोजमाप नाही. दुसरा आक्षेप, शेतकरीच पाट मोकाट सोडतो. खरे आहे, थोडे. म्हणून ठिबक करा, मोजून पाणी द्या. पण वाचलेले पाणी कोणाचे, हे आधी लिहून द्या. नाहीतर काटकसरीचे बक्षीस म्हणून पुढच्या वर्षी कोटाच कापला जाईल, आणि शहाणा शेतकरी मग काटकसर कशाला करील? तिसरा आक्षेप प्रतीचा. तो मला मान्य आहे. कारखान्याचे विष मिसळलेले सांडपाणी कालव्यात नकोच. भाजीपाल्यावर तर नकोच. त्यासाठी शुद्धीकरणाचा खर्च पाणी वापरणाऱ्या शहराने द्यावा.

सेवाग्रामात हे बोलणे सोपे, इथे टाळ्या मिळतात. पण धाम नदी इथून जवळच पवनारला वाहते आणि तिच्यावरचे महाकाळीचे धरण शेती आणि वर्धा शहर दोघांचे आहे. परतीच्या पाण्याच्या नोंदवहीचा पहिला नमुना तिथेच करावा, असे मला वाटते. रकाने कोणते, सही कोणाची, हे दुपारच्या सत्रात ठरवू.