औत जुंपलेला शब्द
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं, "तू कॉम्प्युटरवर बोल." पण इथे सगळ्यांच्या खिशात कॉम्प्युटर आहे, त्यामुळे मी एका इंग्रजी शब्दावर बोलणार आहे. आपल्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. एबीसीडी गिरवताना जी धाकधूक असायची, ती आपल्यापैकी अनेकांची अजून गेलेली नाही, म्हणून हा विषय.

शब्द आहे 'इनकोएट'. स्पेलिंगमध्ये 'सीएच' आहे, पण उच्चार 'क'. अर्थ : नुकतंच सुरू झालेलं, अजून पूर्ण आकाराला न आलेलं.

माझ्या टीममध्ये एक तरुण इंजिनिअर आहे. मराठी माध्यमातला, शेतकऱ्याचा मुलगा, डोक्याने तल्लख. त्याने एका नव्या रचनेचा आराखडा मांडला. परदेशातल्या एका वरिष्ठाने त्यावर हा एकच शब्द लिहिला. मुलाने डिक्शनरी उघडली : अर्धवट, अपक्व. त्यानंतर त्याने कुणाला काही दाखवणंच बंद केलं. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, इंग्रजी कच्चं होतंच, आता कामही कच्चं ठरलं." तो राजीनाम्याचा विचार करत होता.

मग मी त्या शब्दाचं मूळ शोधलं. लॅटिनमध्ये 'इनकोहारे' म्हणजे आरंभ करणे. त्याच्या पोटात 'कोहुम' हा शब्द असावा, असं व्युत्पत्तीचे अभ्यासक मानतात. कोहुम म्हणजे नांगराची दांडी जुवाला जोडणारा पट्टा. म्हणजे आपल्याकडे इसाड जुवाला दोराने आवळून बांधतात, तीच जागा. रोमन शेतकऱ्याचं औत जुंपून झालं की काम सुरू झालं. शेतात अजून एकही तास उमटलेलं नसतं, पण बैल, नांगर आणि माणूस तयार असतात.

इंग्रजीत असे आणखी शब्द आहेत. 'नेसंट' जन्मण्यावरून आला, 'रुडिमेंटरी' ओबडधोबड, न घडवलेल्या वस्तूवरून. 'इन्सिपियंट'च्या मुळाशी पकडणे, घेणे हा अर्थ आहे. आपणही काम 'हाती घेतलं' म्हणतोच की! इनकोएटची गाठ मात्र शेतीशी आहे.

या शब्दातला 'इन' पुष्कळांना नकाराचा वाटतो, आपल्या 'अपूर्ण'मधल्या 'अ'सारखा. म्हणून अमेरिकेतल्या वकिलांनी पूर्ण झालेल्यासाठी 'कोएट' असा उलटा शब्द घडवला. २००९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात एका वकिलाने तो वापरला, तेव्हा न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी त्याला तिथेच टोकलं, की असा शब्दच नाही. मूळ शब्दात नकार नाहीच. त्यात आहे तो आरंभ.

आणि कायद्याने या अपुरेपणाला कधी क्षुल्लक मानलं नाही. आपल्या १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम २० पाहा. त्याच्या शीर्षकातच हा शब्द आहे. योग्य मुद्रांकाच्या कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करून तो तुम्ही दुसऱ्याच्या हाती दिलात, तर तो पूर्ण करण्याचा अधिकार प्रथमदर्शनी त्याला मिळतो, मुद्रांकात बसेल तेवढ्या रकमेपर्यंत. म्हणून मोठी माणसं सांगतात, कोऱ्या कागदावर सही करू नये. अपुरा कागदही जोर धरून असतो.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. तो इसाड-जुवाशी जन्मापासून परिचित. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मॅडम, जुंपणं सैल राहिलं तर तास वाकडं जातं." मी म्हटलं, "मग सैल कुठे आहे ते दोघं बघू." आम्ही बसलो. दोन ठिकाणी दोर खरोखरच सैल होता. दुरुस्त आराखडा त्याने स्वतः त्या वरिष्ठापुढे मांडला, इंग्रजीतच. पुढचे प्रश्न आले, त्यांवर काम सुरू आहे. राजीनाम्याचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही.

मूळ कळल्याने काम पूर्ण झालं नाही, हे खरं. पण आपण 'कच्चं' म्हणतो तेव्हा फक्त उणीव मोजतो, आणि समोरचा माणूस औत सोडून घरी जातो.

आज आपल्यातले कितीतरी जण कुणाचे तरी साहेब आहेत, काही जण शिक्षक आहेत, आणि आईबाप तर बहुतेक सगळेच. आपल्यापुढे रोज कुणाचं तरी नुकतं सुरू झालेलं काम येतं. त्यावर शेरा जरूर मारा, चूक असेल तर लपवू नका. फक्त शेऱ्याखाली एक ओळ जास्त लिहा : दोर कुठे सैल आहे आणि पहिलं तास कुठून धरायचं.

इथे बसलेल्या सर-बाईंनी आमच्या वह्यांवर अशा ओळी लिहिल्या, म्हणून आज मी इथे उभी राहून बोलू शकले. त्यांना नमस्कार करते आणि थांबते.