वाळूतील तेल आणि पाणी



बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडून गोराईच्या किनाऱ्यावर गेले, म्हणजे पावसाळ्यात वाळूवर कधी कधी काळे, चिकट गोळे पसरलेले दिसतात. समुद्रात सांडलेल्या तेलाचा हलका अंश उडून जातो आणि उरलेला डांबरासारखा भाग लाटा व वारे किनाऱ्यावर आणून टाकतात. हे गोळे निदान वेचता येतात. पातळ तेलाचे संकट याहून मोठे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली व तेल समुद्रात पसरले. असे तेल किनाऱ्याला लागले, की ते वाळूत किती मुरेल, हा प्रश्न प्रथम उभा राहतो.

त्याचे उत्तर वाळूच्या कणांमधील पोकळ्यांत आहे. समईची वात तेल वर ओढते, ते केशाकर्षणामुळे. वाळूचा स्वच्छ कण तेलापेक्षा पाण्याला अधिक जवळ करतो. त्यामुळे ओल्या वाळूतील पाणी हटवून आत शिरावयाचे, तर तेलाचा दाब पाण्याच्या दाबाहून अधिक असावा लागतो. दाबांतील हा फरक म्हणजेच केशाकर्षणाचा दाब होय. पोकळी जितकी अरुंद, तितका तो जास्त. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या पोकळीसाठी तो साधारणतः ६ सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका भरतो. पोकळी दहापट अरुंद असेल, तर ६० सेंटिमीटर.

हा दाब मोजण्याची रीत साधी, पण चिकाटीची आहे. पाण्याने पूर्ण भिजविलेली वाळू एका बंद पात्रात, सच्छिद्र चिनी मातीच्या चकतीवर ठेवतात. चकतीची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात, की त्यांतून पाणी पाझरते, तेल मात्र अडते. वरून तेलाचा दाब टप्प्याटप्प्याने वाढवितात. प्रत्येक टप्प्यावर पाणी पाझरावयाचे थांबेपर्यंत वाट पाहून बाहेर आलेले पाणी मोजतात. यास कित्येक दिवस लागतात. शेवटी दाब कितीही वाढविला, तरी थोडे पाणी कणांना बिलगून राहतेच. १९४१ साली लेव्हरेट या संशोधकाने वाळूवरील अशा मोजमापांना शास्त्रीय सूत्रात बसविले.

तेलक्षेत्रांत या मोजमापाला मोठे मोल आहे. १९६० साली गुजरातमध्ये अंकलेश्वर येथे वालुकाश्मात, तर १९७४ साली मुंबईच्या समुद्रात ‘बॉम्बे हाय’ येथे चुनखडकात तेल सापडले. खडकात पाणी सोडून तेल पुढे ढकलले, तरी त्याचे कितीतरी थेंब पोकळ्यांत अडकून मागे राहतात. किती तेल हाती येईल, याचा अंदाज बांधताना हा दाब ठाऊक असावा लागतो.

गोराईसारख्या किनाऱ्यासाठी या शास्त्राचा बोध सरळ आहे. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या बारीक, ओल्या वाळूवर तेलाचा पातळ थर बहुधा वरच राहतो; तेथील पाणीच त्याला अडवून धरते. भरतीरेषेवरील कोरड्या, जाड वाळूत मात्र तेच तेल खाली उतरते आणि उन्हाने पातळ झाले, की अधिकच मुरते. म्हणून वरचे तेल वेळ न दवडता, उथळ खरवडून उचलावे. त्यावर जड यंत्रे फिरवून ते वाळूत दाबू नये. ओल्या वाळूतील पाणी किनाऱ्याचे रक्षण करीत असते. त्याने दिलेली थोडी सवड माणसाने वाया घालवू नये.