विद्यापीठ चौकातले पूल का पाडले?

तर मंडळी, हिंजवडीला जाणाऱ्यांना पुण्यातल्या विद्यापीठ चौकातले जुने उड्डाणपूल आठवत असतील. 2020 मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, ते पाडले. पंधरा वर्षंही झाली नव्हती हो त्यांना! पण हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो तिथूनच न्यायची होती आणि त्या पुलांच्या डिझाइनमध्ये मेट्रोला जागाच नव्हती. कोड असता तर रात्रीत बदलला असता, काँक्रीट फोडावंच लागतं.

आता नागपूरचा वर्धा रोड बघा. तिथे 3.14 किलोमीटर एकाच खांबांवर मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो. विद्यापीठ चौकातही शेवटी तसाच दुमजली पूल करायला घेतला. म्हणजे एकाच चौकात पुलाचा खर्च दोनदा. मधली वर्षं बॅरिकेडमधून वाट काढत ऑफिस गाठलं, ते वेगळंच.