घरात आलेला मुकादम

सोलापुरातील विडी कामगार स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या घरीच विड्या वळत आल्या. जागा त्यांची, दिवाही त्यांचाच. छाट काढून मजुरी कापली जाई, पण ती कारखान्यात. वळणारीच्या घरात मालकाचा मुकादम बसत नसे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि संगणकावर काम करणारा नोकरदारही घरी बसला. जागा व वीज त्याच्याही माथी आली. शिवाय अनेकांच्या घरी कॅमेऱ्यातून मुकादमही आला. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कॅमेऱ्याला एकटा नोकर थोडाच दिसतो? मागे अंथरुणावरची आजारी सासू दिसते, अभ्यासाला बसलेले पोर दिसते. त्यांनी कोणत्या करारावर सही केली होती?

नेदरलँड्समध्ये दिवसभर कॅमेरा चालू ठेवण्यास नकार देणाऱ्या नोकराला एका अमेरिकी कंपनीने काढले. २०२२ साली न्यायालयाने तिला भरपाई द्यावयास लावली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. परंतु वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्यातच नोकरीच्या कारणाकरिता संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा मालकाला आहे. (पोटासाठी दिलेली संमती कितपत खरी, हा प्रश्न निराळाच.)

तेव्हा युनियनच्या मागणीपत्रकात दोन कलमे हवीत : घराची जागा वापरता, तिचे भाडे द्या, आणि हिशेब कामाचा घ्या, घराचा नव्हे.