संगणकाचा उलटा पडदा



जिल्हा परिषदेच्या अनेक प्राथमिक शाळांत आता खडूफळ्याच्या जोडीला लॅपटॉप आला आहे. या यंत्राच्या बाबतीत केव्हा तरी एक चमत्कारिक प्रसंग ओढवतो. मुलांची बोटे नको त्या कळांवर पडतात आणि पडद्यावरील सारे चित्र खाली डोके, वर पाय असे उभे राहते. यंत्र बिघडले अशा समजुतीने ते कपाटात बंद होते. पेठ-सुरगाण्याच्या डोंगराळ भागातून ते दुरुस्तीसाठी नाशिकला न्यायचे म्हणजे शिक्षकाचा दिवस मोडतो, आणि ते परत येईपर्यंत मुलांचे पाठ अडून राहतात. वास्तविक हा बहुधा बिघाड नसतोच. चित्र कोणत्या बाजूने दाखवावे याविषयी यंत्राला मिळालेली ती एक आज्ञा असते. आणि दिलेली आज्ञा मागे घेता येते.

प्रथम कारण पारखावे. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करताना आरंभी उत्पादकाचे नाव पडद्यावर उमटते. ते सुलटे असून पुढील चित्र उलटे झाले, तर दोष केवळ मांडणीचा आहे. नावही उलटेच दिसले, तर मात्र जाणत्या कारागिराकडे जावे. लॅपटॉपचा पडदा सुलटा आणि प्रोजेक्टरने भिंतीवर पाडलेले चित्र तेवढे उलटे, असे असेल तर लॅपटॉपला हात लावू नये. प्रोजेक्टर छताला उलटा टांगता यावा म्हणून त्यात चित्र फिरविण्याची सोय असते. ती तेथेच बदलावी.

मांडणीचा दोष दूर करणे सोपे आहे. काही यंत्रांत कंट्रोल आणि आल्ट या कळा दाबून धरून वर जाणाऱ्या बाणाची कळ दाबली, की चित्र सुलटे होते. खाली जाणाऱ्या बाणाने ते उलटे होते. मुलांच्या हातून घडते ते बहुधा हेच. ही सोय नसल्यास विंडोज प्रणालीत पडद्याच्या मोकळ्या जागी माउसची उजवी कळ दाबावी, ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडावे आणि ‘डिस्प्ले ओरिएंटेशन’ या सदरात ‘लँडस्केप’ निवडावे. नंतर ‘कीप चेंजेस’ म्हणून संमती द्यावी. काही सेकंदांत संमती न मिळाल्यास यंत्र पूर्वस्थितीवर जाते. हे करताना बाण हाताच्या उलट दिशेने सरकतो, म्हणून घाई करू नये.

या प्रसंगातून विज्ञानाचा एक पाठही साधतो. अंधाऱ्या वर्गात उघड्या खिडकीसमोर भिंग धरून त्यामागे पांढरा कागद पुढेमागे सरकवावा. बाहेरचे झाड कागदावर उलटे उमटते. आपल्या नेत्रपटलावरही प्रतिमा उलटीच पडते. तिचा सुलटा अर्थ मेंदू लावतो. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत लोकांपुढे आला. अशा चित्रपटाची फीत दाखविण्याच्या यंत्रात उलटी बसवावी लागे, कारण भिंग चित्र उलटवीत असे. म्हणूनच पडद्यावरचा राजा पायांवर उभा दिसे. भिंग चित्र उलटविते ते प्रकाशाच्या नियमाने. संगणक उलटवितो तो आज्ञेने. हा भेद मुलांना अवश्य समजावून द्यावा.

यास्तव पडदा उलटला असता शिक्षकाने यंत्र झाकून ठेवू नये. मुलांना भोवती बसवून, कोणती कळ दाबली गेली हे न रागावता विचारावे आणि त्यांच्यादेखत पडदा सुलटा करावा. रागावलेले मूल पुन्हा यंत्राला हात लावीत नाही. कारण शोधताना पाहिलेले मूल पुढल्या वेळी तो स्वतः सुलटा करील.