यंत्रांची रोजकीर्द आणि कामगाराची प्रत



संयोजकांचे पत्र आले तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत थोडी थट्टाच झाली. कामगार पुढाऱ्याने वसंत व्याख्यानमालेत बोलावयाचे ते महागाईवर, बोनसवर, फार तर नव्या कामगार संहितांवर. आम्ही कळविले तो विषय असा, की एकमेकांशी बोलणारी यंत्रे आपसांत जी माहिती देतात-घेतात ती ब्लॉकचेनने सुरक्षित होते काय? आमचे एक जुने सहकारी म्हणाले, 'अहो, लोक तिकडे वारा खायला येतात!' वारा आज नाहीच, तेव्हा आपण ऐकून घ्याल अशी आशा आहे.

आमचे शिक्षण दहावी नापास. पुढचे जे काही झाले ते दुसऱ्या पाळीनंतर कचेरीच्या बाकावर, शब्दकोश मांडीवर घेऊन झाले. या शास्त्रातील पंडित म्हणून आम्ही बोलत नाही. नोंदवही ज्यांच्यावर उगारली जाते, त्यांच्यापैकी एक म्हणून बोलतो.

१९९८ सालची गोष्ट. एका कारखान्यात ओव्हरटाइमचा तंटा उभा राहिला. आमची माणसे तीन महिने रोज बारा-बारा तास उभी होती आणि रोज मस्टरवर सही करीत होती. चौकशीच्या दिवशी जे मस्टर पुढे आले ते कोरे करकरीत होते. पानांना तेलाचा डाग नाही, घामाचा नाही. नव्वद दिवसांच्या सह्या एकाच पेनाच्या. सह्या आमच्या नाहीत असे आम्ही म्हणालो, तर 'मग तुमचे मस्टर दाखवा' असे उत्तर आले. आमच्याजवळ दुसरी प्रत कोठून असणार? दुप्पट दराचे पैसे बुडाले ते बुडालेच. ब्लॉकचेनविषयी आम्ही पहिल्यांदा वाचले तेव्हा हे मस्टर डोळ्यांपुढे आले.

आपल्यापैकी ज्यांनी दुकानाची कीर्द लिहिली असेल त्यांना ही गोष्ट चटकन कळेल. पानाच्या तळाशी बेरीज मारावयाची आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून' म्हणून ती उतरावयाची. मधलेच पान फाडून नवे घातले तर पुढच्या सगळ्या पानांच्या बेरजा बदलीत बसावे लागते. ब्लॉकचेनचे बीज एवढेच आहे. मात्र बेरजेत लबाडीला जागा असते. इकडचे पाच काढून तिकडे घातले तर बेरीज तीच राहते. म्हणून बेरजेऐवजी गणिताने काढलेला एक ठसा घेतात. त्याला हॅश म्हणतात. आज जी रीत फार चालते तिच्यात हा ठसा ६४ अक्षरांचा लिहितात, मग मजकूर एका ओळीचा असो की सबंध ग्रंथाचा. मजकुरातला एक काना इकडचा तिकडे झाला तर सारा ठसा पालटतो. प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागील पानाचा ठसा. आणि दुसरे असे, की ही कीर्द एकाच मुनीमजींच्या गादीखाली नसते. तिच्या प्रती अनेकांकडे असतात, आणि नवे पान जोडावयाचे तर त्यांनी आधी ठरविलेल्या नियमाने ते मान्य व्हावे लागते.

ही कल्पना पैशापासून निघाली असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. अमेरिकेतील हेबर व स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ साली, संगणकातील दस्तऐवजावर तारखेचा शिक्का कसा मारावा, म्हणजे मागाहून कोणास तारीख बदलता येणार नाही, यावर निबंध लिहिला. पुढे त्यांच्या कंपनीने १९९५ पासून अशा ठशांचा एकत्रित ठसा दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापावयास सुरुवात केली. युक्ती पाहा किती साधी! त्या दिवसाचे वर्तमानपत्र हजारो घरांत जाऊन पडले. आता ते सगळे अंक गोळा करून कोण बदलणार? सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ साली बिटकॉइनचा निबंध निघाला. त्यात आधार म्हणून दिलेल्या आठ लेखनांपैकी तीन या मंडळींची आहेत. पैशाच्या बाजाराबद्दल आम्ही येथे बोलणार नाही. त्यात हात पोळलेले आमचे दोन सभासद आहेत, तेवढे पुरे.

आता यंत्रांकडे येऊ. घरातला कॅमेरा, विजेचा मीटर, शीतपेटीतला तापमापक, कारखान्यातली प्रेस, ही सारी आता इंटरनेटने जोडलेली आहेत. एक मोजते, दुसरे त्यावरून निर्णय घेते. २०१५ च्या आरंभी आयबीएम आणि सॅमसंग यांनी कपडे धुण्याचे असे यंत्र मांडून दाखविले होते, की जे साबण संपत आला की आपणच मागणी नोंदवी, आणि तो व्यवहार ब्लॉकचेनवर लिहिला जाई. आमच्या सौभाग्यवतींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, साबण संपला हे आम्हाला कळत होते.

पण धोका थट्टेचा नाही. २०१६ साली मिराई नावाचा दुष्ट प्रोग्राम पसरला. कॅमेरे, राउटर यांना कारखान्यातून निघताना दिलेले परवलीचे शब्द लोकांनी बदललेच नव्हते. अशा साठाहून अधिक जोड्या पाठ करून तो दारोदार हिंडला. त्याने गोळा केलेल्या उपकरणांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या कंपनीवर असा भडिमार केला, की अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी स्थळे काही तास धड उघडेनात. ब्लॉकचेनने हे टळले असते असे कोणी म्हणेल तर आम्ही मान्य करणार नाही. कुलूपच उघडे होते. ब्लॉकचेन देऊ करते ते निराळे. प्रत्येक उपकरणास स्वतःची गुप्त किल्ली द्यावयाची, तिने त्याने आपल्या प्रत्येक संदेशावर सही करावयाची, कोणते उपकरण कोणाची माहिती वाचू शकेल याची यादी त्या सामाईक कीर्दीत ठेवावयाची. मग सगळे काही एका मधल्या संगणकावर अवलंबून राहत नाही, की जो फोडला म्हणजे सारे हाती आले. अर्थात् ती किल्ली यंत्रात नीट जपली पाहिजे. किल्ली चोरीस गेली तर चोराची सहीही खरीच ठरते.

शिवाय वेगाची अडचण आहे. बिटकॉइनच्या कीर्दीत सरासरी दहा मिनिटांनी एक पान जोडले जाते; आमच्या प्रेसवरचा सेन्सर एका सेकंदात कितीदा तरी बोलतो. म्हणून शहाणे लोक सगळी माहिती साखळीवर चढवीत नाहीत. माहिती बाहेर ठेवतात आणि दर काही वेळाने तिचा ठसा तेवढा साखळीत घालतात.

प्रेसचे नाव निघाले म्हणून आता जे सांगावयाचे ते सांगतो. २०१९ साली आमच्या एका सभासदाची उजव्या हाताची दोन बोटे प्रेसखाली गेली. कारखान्याचे नाव घेत नाही. प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा पडदा असतो. आमची मुले त्याला 'कर्टन' म्हणतात. हात आत गेला की किरण तुटतो आणि वरचा घण खाली येत नाही. चौकशीत व्यवस्थापनाने संगणकातून काढलेला एक तक्ता ठेवला. अपघाताच्या पाळीत कर्टन सुरू, बिघाड नाही. निष्कर्ष काय, तर कामगाराचा निष्काळजीपणा.

दुरुस्ती खात्यातल्या एका मुलाने भीत भीत एक पेनड्राइव्ह आम्हाला आणून दिला. त्यात तक्ता नव्हता, मूळ नोंद होती, क्षणाक्षणाची. आम्ही चौघेजण तीन रात्री ती वाचीत बसलो. पहिल्या रात्री काही सापडले नाही. खरोखरच कर्टन सुरू होता. दुसऱ्या रात्री आमच्यातला एक, जो वीस वर्षे प्रेसवर होता, तो म्हणाला, 'माल हाताने ठेवतात ना? मग दर ठोक्याला हात आत जातो. दर ठोक्याला किरण तुटला पाहिजे.' त्या पाळीत हजाराच्या वर ठोके नोंदले होते आणि किरण एकदाही तुटला नव्हता. म्हणजे कर्टनला बायपास मारला होता. तारेचा तुकडा जोडून नियंत्रकाला सांगून ठेवले होते की सर्व ठीक आहे. तो बायपास फोरमनला माहीत होता, आणि खोटे कशाला बोलावे, काही कामगारांनाही माहीत होता. कर्टन वारंवार मशीन थांबवितो, ठोके कमी पडतात, इन्सेंटिव्ह जातो.

येथे विचार करण्यासारखे आहे. ती नोंद कोणी बदललेली नव्हती. ती जन्मतःच खोटी होती. उत्तमातली उत्तम ब्लॉकचेन तेथे असती तर तिने 'कर्टन सुरू' हे वाक्य तारीखवेळेसह, सहीनिशी, कायमचे जपून ठेवले असते. तारेच्या तुकड्याला साखळी अडवू शकत नाही. लबाडी उघडी पडली ती दोन यंत्रांच्या नोंदी शेजारी ठेवल्यामुळे आणि त्या काम जाणणाऱ्या माणसाने वाचल्यामुळे.

मग साखळीचा उपयोग काहीच नाही का? पुढचे ऐका. आम्ही ही नोंद मांडली तेव्हा समोरून एकच वाक्य आले : 'तुमच्या पेनड्राइव्हमधली नोंद तुम्ही फिरवलेली नाही कशावरून?' आमच्याजवळ उत्तर नव्हते. १९९८ साली प्रत नव्हती म्हणून हरलो. २०१९ साली प्रत होती, पण ती खरी कशावरून, म्हणून अडलो. त्या पाळीच्या नोंदीचा ६४ अक्षरांचा ठसा त्याच दिवशी बाहेर कोठे तरी पडलेला असता, तर आमच्या प्रतीचा ठसा काढून दोन्ही जुळवून दाखविणे पाच मिनिटांचे काम होते. शेवटी तडजोड झाली. त्या मुलाला भरपाई मिळाली. कागदावर कारण 'निष्काळजीपणा' हेच राहिले. तो आता दुसरीकडे सुरक्षारक्षक आहे, आणि डाव्या हाताने सही करावयास शिकला आहे.

म्हणून कोणी आम्हाला सांगू लागला की 'आमच्या कंपनीने ब्लॉकचेन बसविली आहे', तर आमचा पहिला प्रश्न हा असतो, की प्रती कोणाकोणाकडे आहेत? दहा संगणकांवर दहा प्रती असल्या, पण दहाही एकाच मालकाच्या खोलीत असल्या, तर एका रात्रीत सगळी कीर्द पुन्हा नव्याने लिहिता येते, ठसे-बिसे सगळे जुळवून. आमचे ते कोरे मस्टर याहून निराळे काय होते?

व्यापाऱ्यांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. २०१८ साली मर्स्क ही बोटींची बडी कंपनी आणि आयबीएम यांनी ट्रेडलेन्स नावाची अशी कीर्द सुरू केली. कंटेनरची कागदपत्रे, आतले तापमान, वजन अशी सेन्सरची माहिती सगळ्यांनी तीत टाकावी, सगळ्यांनी वाचावी. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बंद करीत असल्याचे त्यांनी जाहीर केले. साऱ्या उद्योगाचे हवे तेवढे सहकार्य मिळाले नाही, असे कारण दिले. आमचे मत विचाराल तर यंत्रविद्या तेथे कमी पडली नसावी. प्रतिस्पर्ध्याने मांडलेल्या वहीत आपला हिशेब लिहावयास कोणता व्यापारी राजी होईल?

एक सावधगिरीची गोष्ट मात्र आमच्या लोकांनाही सांगावी लागते. साखळीवर गेलेले पुसता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून घेण्याचा हक्क लिहिला आहे; पण त्याच कायद्यात नोकरीच्या कारणासाठी मालकाने माहिती वापरली तर संमती लागत नाही, असेही कलम आहे. तेव्हा अंगठा, चेहरा, आजारपण, कोण कितीदा मुतारीला गेला, यातले काहीही साखळीवर जाता कामा नये. यंत्राचे जावे, माणसाचे नव्हे. आमच्यातल्या तरुण कार्यकर्त्यांना हजेरीही तेथे हवी आहे, कारण मस्टरची गोष्ट त्यांनी ऐकली आहे. आम्ही त्यांना म्हणतो, हजेरीची रोजची पावती हातात घ्या. अजून वाद मिटलेला नाही.

आमच्या चालू मागणीपत्रात या विषयाची तीन वाक्ये आहेत. प्रेसच्या व कर्टनच्या मूळ नोंदीचा ठसा प्रत्येक पाळीच्या शेवटी निघावा. तो कंपनी, युनियन आणि उभयतांनी नेमलेला एक तिऱ्हाईत, अशा तिघांकडे त्याच घटकेस जावा. अपघात झाल्यास मूळ नोंद युनियनला चोवीस तासांत मिळावी. व्यवस्थापनाने पहिले वाक्य मान्य केले आहे, दुसऱ्यासमोर 'खर्चाचा विचार करून' असे लिहिले आहे आणि तिसरे खोडले आहे. ६४ अक्षरांना खर्च तो कितीसा, हे आम्ही लेखी विचारले आहे. पुढची बैठक या महिन्याच्या अखेरीस आहे, आणि त्या बैठकीला प्रेसवर वीस वर्षे काढलेला तो आमचा सहकारीही येणार आहे.