ठेव नव्हे, डाव!

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नालासोपाऱ्यात आमच्या शेजारच्या बाई पासबुक घेऊन आल्या. "भाई, जरा वाचून सांगा. पैसे गेले कुठे?" भाड्याच्या नव्या खोलीच्या डिपॉझिटसाठी त्यांनी मणी ओवून ते साठवले होते. खातं मुलासोबत जोडलेलं होतं.

मी पानं उलटली. मोठी रक्कम कुठेच नव्हती. दोनशे, पाचशे, पुन्हा दोनशे. एका तारखेला तर अकरा नोंदी! तीन महिन्यांची बेरीज बासष्ट हजार झाली. मुलगा म्हणाला, "मी कधी पाचशेच्या वर डिपॉझिट केलंच नाही." तो खोटं बोलत नव्हता. खरा धोका तिथेच आहे.

डिपॉझिट म्हणजे ठेव. आमच्या घरात अमानत म्हणत. पिग्मीवाला रोज थोडे पैसे नेतो, ते मुदतीनंतर परत मिळतात. ऑनलाइन जुगारानं नाव तेच उचललं. पण ती ठेव नव्हे, तो डाव.

थोडा हिशेब करू. एका शून्याच्या रूलेटवर ० ते ३६ असे ३७ आकडे असतात. आकडा लागला तर लावलेल्या रुपयासकट ३६ रुपये मिळतात. म्हणजे सरासरी ३७ रुपयांमागे एक रुपया जुगारघराचा. एका डावात हे जाणवत नाही. दोनशे रुपयांचे १८५ डाव खेळा, सरासरीनं हजार रुपये गेले. मोबाइलवर एक डाव काही सेकंदांत संपतो. हरलेलं भरून काढायला पुन्हा पैसे भरले, की डाव वाढतात आणि तोटाही.

मुंबईच्या मटक्यानंही घरं बुडवली. पण 'ओपन' आणि 'क्लोज' यांच्यामध्ये माणसाला जेवायला, झोपायला, स्वतःची लाज वाटायला वेळ मिळत असे. खिसा रिकामा झाला की पाय घराकडे वळत. मोबाइलवर ना रात्र, ना रिकामा खिसा.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांच्या बँक व्यवहारांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. तेव्हा भीतीपोटी घरात लपवू नका. चोरट्या मार्गानं अजूनही कुणी लिंक पाठवतो, पैसे भलत्याच माणसाच्या खात्यात भरायला सांगतो. तिथे जिंकलात, तरी दाद कुणाकडे मागणार?

फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवा. मन आवरत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. आणि महिनाअखेरीला सगळ्या छोट्या नोंदींची बेरीज कागदावर मांडा, घरातल्या माणसासमोर.

त्या मायलेकांना नवी खोली घेता आली नाही; जुन्याच, गळक्या खोलीत आणखी एक पावसाळा काढावा लागला. मुलगा आता पगार आईच्या हाती देतो. बाईंनी पिग्मी सुरू केली आहे. दर महिन्याला त्या पुस्तक घेऊन येतात. बेरीज मात्र मुलगाच मोठ्यानं वाचतो.